आईचा डावा गाल

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. भिंतीवर टांगलेली आहे म्हणून मला चित्र समजू नका. माझ्यावरून निघालेली चित्रं लांबलांब गेली, मी घरीच राहिले.

सुतारकाकांनी मला रंधा मारून गुळगुळीत केलं ते कपडे शिवणाऱ्या एका बाईंसाठी. त्या माझ्यावर कापड बेतायच्या आणि खुणा करायला दातेरी चाक फिरवायच्या. त्या चाकाच्या टोचण्या माझ्या अंगावर कायमच्या राहिल्या. बाईंनी माझी पार चाळण केली, असा मला राग यायचा.

त्यांची लेक चित्रकार. लाकूड कोरायचं, त्यावर शाईचा रूळ फिरवायचा, वर कागद ठेवून तो स्वयंपाकातल्या लाकडी पळीने घासायचा आणि छाप उचलायचा, हे तिचं काम. पहिलं प्रदर्शन जवळ आलं. त्यात तिला आईचं मोठं चित्र हवं होतं आणि तेवढी फळी तिच्याकडे नव्हती. तिने मलाच उचललं.

"अगं, मी कापड कशावर बेतू?" आईने विचारलं.

"जेवायच्या टेबलावर."

"आणि जेवायचं कुठे? प्रदर्शनात?"

असं बोलत बाई समोर बसल्या. मापाची टेप गळ्यात तशीच. लेक त्यांच्याकडे बघत बघत थेट माझ्यावर कोरत गेली. पटाशी लागायची, पण हात मायेचा होता.

छाप उचलला आणि तिचं तोंड उतरलं. छापात सगळं उलटं येतं, हे ती कोरण्याच्या भरात विसरली होती. आईच्या डाव्या गालावरचा तीळ कागदावर उजव्या गालावर आला होता.

"ही माझी आई नाही," ती म्हणाली आणि मला सपाट करायला तिने रंधा घेतला. मी जीव मुठीत धरला.

तेवढ्यात ओले हात पुसत आई आली. छापाकडे बघत राहिली.

"चुकलं कोण म्हणतं? रोज केस विंचरताना मला आरशात हीच दिसते. तुम्हीच सगळे मला उलटी बघता."

लेकीला हसूही आलं आणि रडूही.

"आणि मागे हे पांढरे ठिपके कसले गं?"

"तुझ्या चाकाचे."

"म्हणजे निम्मं चित्र माझंच की."

माझा राग त्या क्षणी गेला. लेकीने रंधा खाली ठेवला.

त्याच चित्राने तिचं नाव झालं. पुढे तिच्याकडे छापायचं यंत्र आलं, शिकायला मुलं येऊ लागली. ठरलेले छाप काढून झाले की आणखी छाप निघू नयेत म्हणून फळीवर आडवी रेघ कोरून ती बाद करायची, अशी या कामातली रीत आहे. तिने रेघ मारली, पण गळ्यातल्या टेपवर. चेहऱ्याला धक्का लावला नाही. मग मी कपाटामागे गेले आणि धुळीत कितीतरी वर्षं विसरले गेले.

आई गेल्यावर लेकीने मला बाहेर काढलं. फडक्याने पुसलं. घरात एक छाप होता, पण त्याच्याकडे बघून तिचं मन भरत नव्हतं. माझ्यावरून तिची बोटं सरकत गेली आणि डाव्या गालावरच्या तिळापाशी थांबली.

"ही बघ, सापडली," ती म्हणाली आणि तिने मला भिंतीवर टांगलं.

कागदावर आई स्वतःला दिसायची तशी आहे. माझ्यावर ती लेकीला दिसायची तशी आहे.

म्हणून मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिच्यावरून एकदा हात फिरवा. मला ज्यांनी टोचलं आणि ज्यांनी कोरलं, त्या दोघींची मी ऋणी आहे. त्यांच्यावाचून मी नुसतं लाकूड होते.