कापसाच्या देशाची पाटी

मला बोलायचं तर आधी कुणीतरी उभं करावं लागतं. आज मात्र मी पडल्यापडल्याच बोलणार आहे, कारण राग आता पोटात मावत नाही.

मी एक पाटी. जिनिव्हात तळ्याकाठी साऱ्या देशांची व्यापाराची बोलणी चालतात, तिथल्या मोठ्या सभागृहातली. माझ्या अंगावर पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशाचं नाव आहे. त्याला समुद्र नाही, आणि त्याचं पोट कापसावर चालतं. मला बनवलं त्याच दिवशी बड्या देशांच्या पाट्याही बनल्या, अगदी माझ्याच मापाच्या. मला वाटलं, चला, इथे सगळे सारखे. किती भोळी होते मी!

इथली रीत साधी आहे. ज्याला बोलायचंय त्याने पाटी उभी करायची, मग अध्यक्ष नाव पुकारतात. निर्णयाच्या वेळी ते हातोडी उचलून विचारतात, "कुणाची हरकत?" एकही पाटी उभी नसेल तर हातोडी पडते आणि सगळ्यांचा होकार धरला जातो. म्हणजे इथे गप्प बसलेला माणूस 'हो' म्हणालेला असतो.

मला उभं करायच्या त्या साफियातू दाबिरेबाई. पुढच्या खुर्चीवर आमचे राजदूत बामोगोसाहेब, मागच्या खुर्चीवर बाई. श्रीमंत देश आपल्या कापूसवाल्यांना सरकारी पैसा देतात, म्हणून त्यांचा कापूस बाजारात स्वस्त पडतो आणि बाईंच्या देशाचा पडून राहतो. ही मदत कमी करा, एवढंच बाईंचं मागणं. वर्षानुवर्षं भांडून त्यांनी ते व्यापार कराराच्या मसुद्यात एका कलमापुरतं बसवलं होतं.

मग ती बँका बुडाल्याची धामधूम आली. सरकारी मदत म्हणजे पाप, असं आम्हाला शिकवणारे रातोरात आपापल्या बँकांना मदत द्यायला धावले. वा रे वा! बाजाराला धीर यावा म्हणून करार झटपट उरकायचा ठरला. मग ओझं कमी करायला टाकायचं काय? कापूस! नव्या मसुद्यात कापसाला वाटाण्याच्या अक्षता लावल्या: 'पुढे पाहू.'

बाईंनी वाचलं आणि मला खाडकन उभं केलं. अध्यक्षांची नजर माझ्यावरून दोनदा गेली. माझ्यामागून उठलेल्या पाट्यांची नावं पुकारली, माझं नाही.

"बाई, पाटीचे पाय दुखले असतील हो," शेजारचे हैतीचे प्रतिनिधी हसले.

"दुखू देत. बसायची नाही ती," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात त्यांचा फोन थरथरला. गावाकडून भाऊ लासिना. तो कापसाच्या गिरणीत कामाला.

"साहेब, गिरणीत काहीतरी बिनसलंय. आलेच मी. तेवढं पाटीला हात लावू नका."

"जा गं पोरी, मी आहे ना इथे," राजदूत म्हणाले.

बाई दाराबाहेर गेल्या मात्र, एका बड्या देशाचा माणूस वाकून राजदूतांच्या कानाशी लागला. "जग बुडतंय आणि तुम्ही कापूस धरून बसलात? सगळं तुमच्यापायी अडलंय. हे बघा, मोजके बडे देश खरी बोलणी करतात त्या आतल्या छोट्या खोलीतल्या बैठकीला तुमचीही खुर्ची ठेवतो."

राजदूतांनी टाय सारखा केला. मग दोन बोटांनी, टेबलावरची माशी हाकलावी तसं, मला आडवं पाडलं.

"कुणाची हरकत?"

ठक्!

मला तळपाय नाहीत, तरी तळपायाची आग मस्तकात गेली. परक्याने पाडलं असतं तर सोसलं असतं हो! हा तर आपला माणूस!

बाई धावतच परतल्या. गिरणीला टाळं लागलं होतं, कापसाचे ढीग उघड्यावर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पाटी कुणी पाडली?"

"अगं, वेळ बघून वागावं लागतं. पुढच्या खेपेला बघू."

"पुढच्या खेपेला काय पिकवायचं साहेब? पाट्या?"

त्यांनी मला परत उभं केलं. अध्यक्ष कागद आवरत म्हणाले, मसुद्याचा निर्णय झाला, हरकत असेल तर शेवटच्या संमतीच्या दिवशी मांडा.

तो दिवस आज आहे. छोट्या खोलीचं आमंत्रण? कसलं आमंत्रण! राजदूत बिचारे पंधरवडाभर दाराकडे डोळे लावून बसले होते. तरीही त्यांना अक्कल आली नाही. आज आल्याआल्या त्यांनी मला स्वतःकडे ओढलं आणि वर कोपर रोवलं. बुडालेल्या बँका तेवढ्यात सावरल्या. लासिनाची गिरणी बंदच आहे. आज हातोडी पडली की कापसाचं नाव करारातून कायमचं गेलं.

ऐका, अध्यक्षांनी हातोडी उचलली.

"कुणाची हरकत?"

माझी आहे! अहो, माझी आहे! पण पाटीला कुठले हातपाय?

मागची खुर्ची करकरली. राजदूतांच्या खांद्यावरून एक हात पुढे येतोय. त्यांचं कोपर बाजूला ढकललं गेलंय.

या बाई, उचला मला. फोन वाजला तर वाजू द्या. आणि उभं केलंत की हात काढू नका.