दीड फुटाची जमीन

एक लोखंडी कॉट, दोन ट्रंका, तंबाखूचं एक पोतं, पानांचा एक गठ्ठा, आईचं सूप, आजीचा पाट आणि गुंडू. खोली दहा बाय बारा. श्रद्धानं शाळेची टेप जमिनीवर ताणली. मोकळी जागा सहा बाय चार, आणि तिच्या बरोबर मधोमध आई विड्या वळत बसलेली.

गुंडू, तिचा सव्वा वर्षाचा भाऊ, कॉटच्या पायाला बांधलेला होता. जुन्या लुगड्याचा पट्टा, दुसरं टोक त्याच्या कंबरेला. गल्लीत विड्या वळणाऱ्या सगळ्याच घरांत लेकरांना असंच बांधत. सुटं सोडलं की तंबाखूची मूठ तोंडात गेलीच म्हणून समजा. गुंडू अजून पाऊल टाकत नव्हता.

"आळशी हाय. बापावर गेलाय," चंपाबाई आजी म्हणायची.

श्रद्धानं पट्ट्याला टेप लावली आणि ओरडलीच, "आई! दीड फूट! चालंल कुठं गं त्यो?"

नववीला तिनं घररचना आणि बालविकास हे ऐच्छिक विषय घेतले, तेव्हा आजी पोट धरून हसली होती. "पोरं वाढवायला बी शाळा? मी सात वाढिवली, कुणी पेपर तपासला?" त्रिशला बाईंनी दोन्ही विषयांना मिळून एकच गृहपाठ दिला होता : लहान मुलाला हिंडायला किती जागा मिळते ते मोजा. कमी पडली तर घर बदला. भिंती न हलवता.

रविवारी श्रद्धानं कॉटच्या चारी पायांखाली विटा रचल्या. ट्रंका आत सरकल्या. पोतं, पानं, सूप सगळं कॉटवर.

"आई, तू आता वर बस. खिडकीजवळ."

"आन माझं कॉट?" आजी कडाडली.

"दिवसा तुला कशाला पायजे गं? दिवसभर तर कट्ट्यावरच असतीस!"

आई चढून बसली, पण धास्तावलेली. "वर बसून हात चालंल का न्हाय कुणास ठाऊक. सांजंला विड्यांच्या जुड्या कमी भरल्या, तर त्येला परत बांधणार बघ. मुकादम ऐकायचा न्हाय."

"व्हय, बांध."

गुंडूला सोडलं. तो कॉटचा पाय धरून तासभर तिथंच उभा. श्रद्धा दाराशी उकिडवी बसून टाळ्या वाजवत त्याला हाका मारत होती, घसा बसेपर्यंत. आजीनं तिचा चहाही पिऊन टाकला. आणि अचानक गुंडूनं हात सोडला.

"आई! आई गं!"

आईच्या हातातली पानं कापायची कात्री सुपात पडली. गुंडू हेलपाटत, खिदळत थेट दाराकडे आला आणि श्रद्धाच्या मांडीवर आदळला.

संध्याकाळी दोन जुड्या कमी भरल्या. आईनं त्या दोनदा मोजल्या. मग ती कॉटवरून उतरली, कॉटच्या पायाशी वाकली आणि पट्ट्याची गाठ सोडू लागली. गाठ जुनी होती, दात लावावे लागले.

"टेप हाय का तुझी?"

"बाईंना परत दिली काल."

आईनं सोडलेला पट्टा श्रद्धाच्या हातात दिला; गाठी-वेढे सुटल्यावर तो दुपटीहून लांब झाला होता. "मग ह्येच्यानं मोज."

कॉटच्या पायापासून दारापर्यंत. दोन पट्टे आणि चार बोटं.