गजराचा दिवा

विषमज्वरातून उमा उठली ती कान गमावूनच. लग्नाला तेव्हा चारेक वर्षं झाली होती. ताप उतरला, अंगात ताकद आली, केससुद्धा पुन्हा आले, पण ऐकू येणं काही परतलं नाही. डॉक्टर झाले, वैद्य झाले, मुंबईहून आणलेले थेंब झाले. मग चिंतामणीने एक दिवस ते सगळं थांबवलं आणि तिच्याशी तोंडाकडे तोंड करून, सावकाश बोलायची सवय स्वतःला लावून घेतली. तीही ओठांवरून शब्द ओळखायला शिकली. दिवसाउजेडी त्यांचं बोलणं बरं चाले. दिवा मालवला की संपलं.

चिंतामणी रत्नागिरीच्या तारऑफिसात होता. घर गावाच्या परटवणे भागात, आणि घरामागे कातळी सड्याच्या उतारावर वडिलांनी लावलेली हापूसची कलमं. मूलबाळ नव्हतं. उमा घर बघायची, बाग बघायची, आणि परक्या माणसांपुढे शक्यतो गप्प राहायची. आपला आवाज किती चढतो ते तिचं तिला कळत नसे. एकदा हळदीकुंकवाला ती शेजारणीशी हळूच काही बोलली, असं तिला वाटलं, आणि सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. त्या दिवसापासून तिने बाहेर तोंड उघडणंच कमी केलं.

मागच्या आंब्याच्या हंगामात एक प्रकार घडला होता. मुंबईच्या बोटीचा दिवस होता. आदल्या संध्याकाळी पेंढा घालून, पेट्या भरून, खिळे मारून पडवीत रचलेल्या. केरू गडी पहाटे बैलगाडी घेऊन यायचा आणि पेट्या बंदरावर न्यायचा, असं ठरलेलं. चिंतामणीची त्या रात्री ऑफिसात पाळी होती. केरू आला, दारात उभा राहून त्याने हाका मारल्या, कडी वाजवली. माजघरात उमा गाढ झोपलेली. शेवटी दुसऱ्यांचा माल खोळंबतो म्हणून तो गाडी घेऊन निघून गेला. उमा उठली तेव्हा ऊन अंगणात आलं होतं आणि बोट गेली होती.

"वैनी, मी लय हाका मारल्या," दुसऱ्या दिवशी केरू खाली मान घालून म्हणाला. तो मान खाली घालून बोलला म्हणून तिला नीट कळलंही नाही. चिंतामणीला पुन्हा विचारावं लागलं.

आंबा पेट्यांतच पिकला. निम्मा शेजारीपाजारी वाटला, उरलेल्याचा रस ताटांत वाळवून साठ केलं. चिंतामणीने तिला एका शब्दाने विचारलं नाही. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. न बोलता तो साठाची ताटं उन्हात सरकवत राहिला, ते मात्र तिच्या मनात वर्षभर सलत राहिलं.

या वर्षी मोहोर चांगला होता, आणि फळ धरायच्या सुमारालाच चिंतामणीला हुकूम आला. खेडच्या तारमास्तरांनी लांब रजा घेतली होती, पावसाळ्यापर्यंत त्यांच्या जागी जायचं. बागेसाठी उमाने मागे राहणं भागच होतं.

शेजारच्या मालनवहिनीला हे कळल्यावर तिने युक्ती सांगितली. ओठ मोठमोठे हलवत, हातवारे करत ती म्हणाली, "मनगटाला दोरी बांध, दुसरं टोक खिडकीतून बाहेर सोड. केरू ओढील."

"मी काय गोठ्यातली गाय आहे?" उमा म्हणाली. मालनवहिनी दचकली, त्यावरून आवाज चढला असणार हे उमाला कळलं.

त्या रविवारी चिंतामणीने पडवीत पसारा मांडला. घरातलं गजराचं घड्याळ, मोटारीची जुनी बॅटरी, मोटारीच्याच पुढच्या दिव्यातला बल्ब, सुताने मढवलेली तार, आणि स्प्रिंगसारख्या वाकणाऱ्या दोन पितळी पट्ट्या. दुपारभर तो त्यातच होता. उमा दोनदा चहा ठेवून गेली. शेवटी त्याने तिला बोलावलं आणि समोर बसवलं.

"हे बघ. गजर झाला की घड्याळामागची ही गजराची चावी उलटी फिरते. फिरते ना? तिला मी दोरा बांधलाय. दोऱ्याला हा पुठ्ठा. पुठ्ठा या दोन पट्ट्यांच्या मध्ये. चावी फिरली की दोरा गुंडाळला जातो, पुठ्ठा सुटून येतो, पट्ट्या एकमेकींना चिकटतात. चिकटल्या की वीज जाते आणि..."

त्याने काटे फिरवून गजराच्या वेळेवर आणले. चावी थरथरत फिरली, पुठ्ठा निसटला, आणि मागे डब्याचा पत्रा वाकवून लावलेला तो बल्ब असा काही पेटला की दिवसाढवळ्यासुद्धा उमाने डोळे मिटून घेतले.

"उशाशी ठेवायचा. झोपमोड झाल्याशिवाय राहायची नाही." तो खूश होता.

उमा दिव्याकडे बघत राहिली. त्याला बाहेर जायचं असेल तेव्हा तो तिचा खांदा हलवून तिला उठवायचा, आणि तिने डोळे उघडेपर्यंत हात तसाच ठेवायचा. तिच्या मनात आलं ते तिने बोलून टाकलं.

"म्हणजे आता मला उठवायचं कामही नको झालं तुम्हांला?"

चिंतामणीचा चेहरा उतरला. त्याने तारेचं टोक खाली ठेवलं.

"उमे, मी खेडहून हात कसा लांब करू?"

 तिने पुठ्ठा उचलला आणि पट्ट्यांच्या मध्ये परत बसवून बघितला. तो नीट बसेना. चिंतामणी सांगायला पुढे झाला, तशी तिने त्याचा हात बाजूला केला. "मला करू दे. तुम्ही गेल्यावर मलाच बसवायचाय."

तो गेला. पहिले काही दिवस दिव्याने चोख काम केलं. मिटल्या पापण्यांवर एकदम तांबडं काहीतरी पसरायचं आणि ती उठून बसायची. घड्याळावर बोटं टेकली की त्याची टिकटिक बोटांत जाणवायची, चालू आहे एवढी खात्री व्हायची. केरू यायचा तेव्हा ती दार उघडून उभी असायची. "वैनी, आज बी जाग्या?" तो हसून म्हणायचा. कंदिलाच्या उजेडात ते शब्द तिला स्पष्ट दिसायचे.

मग एके दिवशी दिवा लागलाच नाही. बोटीचा दिवस नव्हता हे नशीब. उमा उशिरा उठली आणि घड्याळाकडे बघते तर पुठ्ठा निघून पडलेला, चावी फिरलेली, म्हणजे घड्याळाचा दोष नाही. तिने बल्बच्या दोन्ही तारा थेट बॅटरीला लावून बघितल्या. लखकन उजेड पडला. म्हणजे बॅटरी चांगली, बल्ब चांगला. राहिल्या पट्ट्या. त्या उन्हात नेऊन पाहिल्या तर जिथे एकमेकींना टेकायच्या तिथेच हिरवट कळंक आला होता. समुद्राच्या खाऱ्या हवेत घरातली तांब्यापितळेची भांडी आठवड्यात अशीच व्हायची.

भांड्यांचं औषध तिला ठाऊक होतं. आमसूल घेऊन तिने पट्ट्या घासल्या, सोन्यासारख्या झाल्या. दिवा लागला. दुसऱ्या दिवशीही लागला. तिसऱ्या दिवशी पुन्हा अंधार, आणि पट्ट्या पहिल्यापेक्षा जास्त हिरव्या. पायरीवर बसून ती बराच वेळ त्या पट्ट्यांकडे बघत राहिली. आमसुलाने डाग जातो, पण आंबटपणा तिथेच राहतो. भांडं आपण लगेच धुतो, पुसतो. पट्ट्या तिने नुसत्या फडक्याने टिपल्या होत्या. या वेळी तिने चुलीतली बारीक राख कोरडीच घेतली, पट्ट्या घासल्या, मऊ कापडाने पुसल्या, आणि तेव्हापासून दर दोन दिवसांनी देवाची उपकरणी घासताना पट्ट्याही घासायच्या असा नेमच करून टाकला. पुन्हा म्हणून तो दोष आला नाही.

बॅटरी मंदावली तेव्हा मात्र घरात बसून भागणार नव्हतं. मोटारस्टँडमागच्या पडवीत भागोजी मिस्त्री बॅटऱ्या भरून द्यायचा. केरूच्या डोक्यावर बॅटरी देऊन उमा त्याच्यामागून गेली. चिंतामणीने जाण्यापूर्वी भागोजीला सांगून ठेवलं होतं, म्हणून तिला ऐकू येत नाही हे त्याला माहीत होतं. तिला पाहताच तो ओरडून बोलायला लागला. त्याच्या मानेच्या शिरा ताठल्या, तोंड वेडंवाकडं झालं, आणि त्यामुळे तिला एक अक्षर कळेना. स्टँडवरची माणसं जमून बघू लागली. भागोजीने वैतागून केरूकडे तोंड वळवलं आणि तो त्यालाच काहीतरी सांगू लागला.

 एरवी उमा तशीच परत फिरली असती. पण बॅटरी तिची होती, आणि केरूला त्यातलं काही समजणार नव्हतं.

"मिस्त्री," ती म्हणाली, आणि आवाज किती निघाला याचा विचारच तिने केला नाही, "ओरडू नका. माझ्याकडे बघून सावकाश बोला. मला कळतं."

 भागोजीने हात फडक्याला पुसले, तो जवळ आला आणि म्हणाला, "पाणी आटलंय आतलं. विहिरीचं पाणी घालू नका. पावसाचं साठवलेलं असेल तर ते, नाहीतर इथलं न्या. आणि हात जपा, आत तेजाब आहे, भाजतं."

"कळलं," उमा म्हणाली. "ही दोन टोकं मी दर वेळी ओळखायची कशी?"

"जाड खुंटी धनाची, बारीक ऋणाची. तुमच्या बल्बला कुठलीही चालते."

परत येताना तिला फार हलकं वाटत होतं. तिने केरूला विचारलं, "मी खूप मोठ्याने बोलले का रे?"

"थोडं मोठ्यानं," केरू म्हणाला. "पन बरं झालं."

वैशाखात एका बोटीची वेळ बदलली. भरती लवकर होती, बोटीपर्यंत माल नेणारे पडाव त्या भरतीवरच किनाऱ्यावरून सुटणार, म्हणून केरू गाडी घेऊन रोजच्यापेक्षा बराच आधी आला. उमाच्या घड्याळाला हे कुठून कळणार? दिवा आपल्या वेळेला लागला. उमाने दार उघडलं तर केरू पायरीवर डोकं गुडघ्यात घालून बसलेला. या खेपेला तो निघून गेला नव्हता. दोघांनी धावपळ करून पेट्या गाडीत भरल्या, गाडी बंदरावर पोचली तेव्हा शेवटचा पडाव निघायच्या बेतात होता. माल गेला, पण थोडक्यात.

संध्याकाळी केरू म्हणाला, "वैनी, घड्याळाला भरती-ओहोटी काय ठावं? ती माणसालाच ठावं."

ते तिच्या डोक्यात बसलं. घड्याळ तिला वेळ सांगत होतं. दारात कोण आलंय, ते कोण सांगणार? मालनवहिनी उन्हात येऊन हाका मारून परत जायची. पोस्टमन पत्र कडीत अडकवून जायचा. दिवसभर या घराच्या दारात माणसं येऊन उभी राहायची आणि आत तिला त्याचा पत्ता नसायचा.

तिने कासाराकडून तशाच दोन पट्ट्या कापून आणल्या. त्या दाराच्या चौकटीला आतून ठोकल्या, एका पट्टीला सुतळी बांधली आणि ती चौकटीच्या भोकातून बाहेर काढली. सुतळी ओढली की पट्टी पट्टीला टेकायची. तारा जोडल्या, बाहेर जाऊन सुतळी ओढली, आत डोकावून बघते तर दिवा लागलेला नाही. पुठ्ठा काढून मग ओढली, तर लागला. पुठ्ठा असताना नाही. दोन दिवस ती त्या कोड्याशी झगडली. भात निवत ठेवून बसायची आणि बोटाने हवेत तारेची वाट काढायची. मग ध्यानात आलं की तिने नव्या पट्ट्या जुन्यांच्या पुढे, एकाच वाटेवर लावल्या होत्या. वीज जायला दोन्ही जागी वाट मोकळी पाहिजे, आणि पुठ्ठा तर अडवून उभा. नव्या पट्ट्यांना वेगळी वाट हवी, बॅटरीपासून बल्बापर्यंत त्यांची स्वतःची. तिने तार सोडवून तशी जोडली.

केरूला बाहेर उभं करून ती आत भिंतीकडे तोंड करून बसली. भिंतीवर उजेड पडला, गेला, पुन्हा पडला. तिने दार उघडलं.

"मी हाका मारत नव्हतो," केरू म्हणाला, "नुसती दोरी वडली." त्याला त्यात कमालीची गंमत वाटत होती. त्याने अजून दोनदा ओढली.

चिंतामणी आला तो आंबा संपता संपता, मृगाच्या तोंडावर. खेडहून मोटारीने भल्या सकाळी उतरला, ट्रंक पायरीवर ठेवली आणि सवयीने कडीला हात घातला. तेवढ्यात त्याला सुतळी दिसली. टोकाला एक लाकडी मणी बांधलेला. काय असेल ते त्याला लगेच समजलं. त्याने ती ओढली.

उमाने दार उघडलं. हात राखेने माखलेले होते.

"हे कुणी केलं?" त्याने विचारलं. त्याला उत्तर माहीत होतं, तरी विचारलं.

"मी. बघायचंय?"

ट्रंक तशीच बाहेर ठेवून तो आत गेला, खाली बसून तारा बघितल्या, एका ठिकाणी पीळ सैल होता तो तिला दाखवला. तिने घट्ट केला.  मग तिथेच जमिनीवर बसल्या बसल्या तिने मागच्या वर्षीच्या पेट्यांचा विषय काढला.

"तुम्ही काही बोलला नाहीत तेव्हा."

"काय बोलणार होतो?" तो म्हणाला. "पाळी बदलून घरी थांबायला हवं होतं, ते मला सुचलं नाही. तुला कोणत्या तोंडाने विचारू?"

तिने एवढे महिने भलताच अर्थ लावला होता. तिला हसू आलं, आणि थोडं रडूही.

पाऊस लागायच्या आधी आळीतल्या पोरांना त्या मण्याचा शोध लागला. शाळेतून येताना ती ओढायची आणि पळून जायची. उमा हातातलं काम टाकून दार उघडायची, अंगणात कुणी नाही. चिंतामणी म्हणाला, "बॅटरी फुकट जाते. दोरी वर बांधून टाकू, पोरांचा हात पोचणार नाही."

उमा उंबऱ्यावर उभी होती. कुंपणापलीकडे दोन डोकी हसत लपत होती.

"राहू दे खालीच," ती म्हणाली. "बॅटरी भरायला भागोजीकडे मी जाईन."