सगळ्या बाहेर आल्या

तोक्योतल्या ओजिमाच्या वसाहतीत थंडी सुरू झाली की एका रविवारी अग्निशमन केंद्राची माणसं येतात आणि इमारतींमधल्या पटांगणात तंबू ठोकतात. तंबूत खोटा धूर सोडतात, लोकांना वाकून, भिंतीला हात लावत त्यातून पार व्हायला सांगतात. जपानी म्हातारे-म्हाताऱ्या टोप्या घालून वेळेआधी रांगेत उभे असतात. आपली भारतीय बिऱ्हाडं बाल्कनीतून गंमत बघतात आणि पुन्हा पांघरुणात शिरतात.

या वेळी मात्र कुलकर्ण्यांच्या घरातल्या सरोजिनीबाई खाली उतरल्या. साडीवर मुलाचा जुना जाड कोट, पायात मोजे आणि बूट. सोबत सून ज्योत्स्ना, दुभाषी म्हणून. ज्योत्स्ना इथल्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला, जपानी अस्खलित. ऑफिसात तिला ज्योत्स्ना-सान म्हणून मान.

सरोजिनीबाई तोंडाला पदर लावून धुरातून एकदा गेल्या, बाहेर येऊन हसल्या आणि पुन्हा रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. केंद्राचे अधिकारी मोरी-सान यांना त्या आजींचं भारी कौतुक वाटलं.

"त्यांना विचार," सरोजिनीबाई सुनेला म्हणाल्या, "खरी आग लागली की ही माणसं आधी काय करतात?"

मोरी-साननी सांगितलं आणि ज्योत्स्नाने भाषांतर केलं. "ते म्हणतात, आल्याबरोबर घरच्यांना विचारतो, आत कोण राहिलंय? सगळे बाहेर आलेत म्हटलं तर आधी आग. कुणी आत आहे म्हटलं तर आधी माणूस."

"म्हणजे घरच्यांवरच आलं सगळं," सरोजिनीबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी स्वयंपाकघराच्या छताकडे बोट दाखवलं. धुराच्या गजरावर ज्योत्स्नाने आंघोळीची प्लास्टिकची टोपी चढवलेली होती. "ती काढ गं. ते आज मुद्दाम सांगत होते."

"अहो आई, एक फोडणी घातली की बोंबलतो तो. अख्खा मजला गोळा होतो." टोपी तशीच राहिली. ओजिमातल्या किती मराठी स्वयंपाकघरांत अशा टोप्या आहेत, ते आपलं आपल्यालाच ठाऊक.

सरोजिनीबाईंचे यजमान माधवराव दोन वर्षांपूर्वी ठाण्याला वारले. त्यानंतर मुलाने, प्रसन्नने, आईला जपानला आणलं. चार लोकांत तो अभिमानाने सांगे, मी आईला एकटं ठेवलं नाही. खरंच होतं ते. तातामीची, म्हणजे गवती चटयांची, मोठी खोली तिला दिली, डॉक्टर, औषधं, मराठी वाहिन्या, कशाची कमी नव्हती. ज्योत्स्नाही सासूशी कधी वाकडं बोलली नाही. दुष्ट माणसं या गोष्टीत नाहीत. असती तर बरं झालं असतं, त्यांच्यावर सगळं ढकलून आपल्याला मोकळं होता आलं असतं.

संक्रांत झाली आणि हळदीकुंकवाचा रविवार ठरला. आदल्या दिवशी विद्यावहिनींचा फोन आला. त्यांचे यजमान प्रसन्नच्या बँकेत त्याचे साहेब. वहिनींचं बोलणं तुपातलं.

"ज्योत्स्ना, तुझ्या सासूबाई असणार का गं? नाही, मला काहीच नाही. पण या वर्षी नवीन मुली येतायत, स्वप्नाचं तर पहिलंच हळदीकुंकू. त्यांच्या मनात काही यायला नको. माझी आई पण आलीय ना मुलुंडहून, पण ती आपणहूनच बाहेर येत नाही. समजूतदार आहे फार."

ज्योत्स्ना 'हो हो, बघते मी' म्हणाली. फोन ठेवला तेव्हा सासू दारातच उभी होती.

"मी कोपऱ्यात बसेन," सरोजिनीबाई म्हणाल्या. "मला कुंकू नको लावूस, वाण नको देऊस. बायकांचे आवाज ऐकत बसेन फक्त. इथे आल्यापासून घरात इतक्या जणी आल्याच नाहीत गं कधी."

ठाण्याच्या घरी चाळीस वर्षं त्यांनी हळदीकुंकू केलं होतं. गल्लीतल्या एकीलाही वगळलं नव्हतं. म्हणजे, एकीला वगळलं असं त्यांना तेव्हा वाटलं नव्हतं.

ज्योत्स्नाच्या तोंडून ठरलेलेच शब्द बाहेर आले. "आई, माझं काही नाही हो. पण लोक बोलतात. एक दिवसाचा तर प्रश्न आहे."

"बरं," सासू म्हणाली, आणि तिळाचे लाडू वळायला बसली.

बायका बसणार तातामीच्या खोलीत, म्हणजे सरोजिनीबाईंच्याच. मग त्यांनी जायचं कुठं? स्वयंपाकघराला लागून सामानाची एक खोली होती, बिनखिडकीची. गाद्या, उन्हाळ्यातले पंखे, खोकी. ज्योत्स्नाने तिथे खुर्ची टाकली, पाण्याची बाटली ठेवली, पायावर घ्यायला घोंगडी दिली. काळजीने दिली, हेही लिहून ठेवायला हवं.

रविवारी दुपारी प्रसन्न लेकीला, आर्याला, घेऊन बागेत गेला. हळदीकुंकवाला पुरुषांनी घर सोडायचं, आणि तो आनंदाने सोडायचा.

सरोजिनीबाई सकाळपासून वडे तळत होत्या. इथल्या गॅसच्या शेगडीला सेन्सर असतो. तेल फार तापलं की ती आपोआप ज्योत बारीक करते. त्याने वडे तेलकट होतात म्हणून ज्योत्स्नाने टेबलावर ठेवायची छोटी शेगडी आणली होती, खाली सिलिंडर बसवायची. या छोट्या शेगडीला असलं शहाणपण नव्हतं. त्या शेगडीवरची कढई सोडून सासू हलत नसे.

बेल वाजली.

"आई, आल्या वाटतं. तुम्ही जा ना आत."

"एवढा घाणा काढते, गॅस बंद करते आणि जाते."

"मी करते हो ते! जा तुम्ही आधी, दार उघडायचंय मला." तिने सासूच्या हातातला झारा घेतला. सरोजिनीबाई हात पुसत सामानाच्या खोलीत गेल्या. ज्योत्स्नाने दार लावलं, झारा ओट्यावर ठेवला आणि बाहेर धावली. दारात विद्यावहिनी, मागे पाच-सहा जणी, काळ्या साड्या, गजऱ्यांऐवजी केसांत फुलांच्या क्लिपा. या या, किती उशीर, कोट द्या इकडे. कोट ठेवायला जागा नव्हती. प्रवासाच्या दोन मोठ्या बॅगा सामानाच्या खोलीच्या दाराला टेकवून तिने त्यांच्यावर कोटांचा ढीग रचला. कुणीतरी बाळाची ढकलगाडीही तिथेच लावली. ते दार बाहेर उघडणारं होतं.

मग कुंकू. पहिल्या कपाळाला लावलं की दुसरं पुढे येतं, तिथून उठायचं कसं? दुसऱ्यांदा बेल वाजली, आणखी बायका आल्या. हसणं, उखाणे, वाणाच्या वाट्यांचा खणखणाट.

"आत कुणी खोकलं का गं?" स्वप्नाने विचारलं. नवी होती बिचारी, तिला काही माहीत नव्हतं.

विद्यावहिनींनी ज्योत्स्नाकडे पाहिलं.

"छे, शेजारी असेल," ज्योत्स्ना म्हणाली आणि स्वप्नाच्या कपाळाला कुंकू लावलं.

शेजारी खोकत नव्हते. सामानाच्या खोलीत सरोजिनीबाईंना जळक्या तेलाचा वास सगळ्यांच्या आधी आला होता. बायकांसमोर आवाज करायचा नाही म्हणून त्या आधी नुसत्या खोकल्या. मग त्यांनी दारावर टकटक केली, हलकीच. सुनेची शोभा होऊ नये म्हणून हलकीच! गजराच्या तोंडावर टोपी होती, आणि सरोजिनीबाईंच्या तोंडावर आपण सगळ्यांनी मिळून बांधलेली.

कढईने पेट घेतला तेव्हा ज्वाळा एकदम वरच्या कपाटाला भिडली. किंकाळ्या उठल्या. बायका एकमेकींचे हात धरून, तोंडावर पदर घेऊन दाराकडे पळाल्या. चपला नाहीत, कोट नाहीत. कोटांच्या ढिगाला वळसा घालून पळाल्या. त्या कल्लोळात दारावरची थाप आता हलकी राहिली नव्हती, पण कुणाला ऐकू जाणार?

खाली पटांगणात आल्यावर ज्योत्स्नाचं डोकं जागेवर होतं. बंब आले. शिरस्त्राण घातलेला एक जवान धावत तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि जपानीत विचारलं, "सगळे बाहेर आले? आत कुणी आहे?"

ज्योत्स्नाने वळून पाहिलं. थंडीत कुडकुडणारी एकेक बाई, एकेक कपाळ. प्रत्येक कपाळावरचं कुंकू तिने आपल्या हाताने लावलं होतं, म्हणून मोजायला सोपं गेलं. एकही कमी नव्हतं.

"सगळ्या बाहेर आल्या," तिने स्वच्छ जपानीत सांगितलं. "आत कुणी नाही."

जवानाने मागे वळून खूण केली आणि पाण्याचे पाइप सरसर पुढे गेले. आधी आग.

विद्यावहिनी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणत होत्या, "देवाची कृपा, कुणाला काही झालं नाही." ज्योत्स्ना मान हलवत होती. खोटं बोलतोय असं तिला त्या घटकेला वाटतसुद्धा नव्हतं. सासू तिच्या मोजणीतच नव्हती, विसरायचा प्रश्न येतो कुठं!

रस्त्याच्या कडेने प्रसन्न आर्याला कडेवर घेऊन पळत आला. त्याने बायकोला पाहिलं, बायकांच्या घोळक्यावरून नजर फिरवली, एकदा, दोनदा.

"आई कुठंय?"

 ज्योत्स्ना त्या जवानाकडे अशी धावली की पडली आणि गुडघ्यांवरच ओरडली, "आहे! आत आहे! एक माणूस आहे!"

दोघे जवान तोंडाला मुखवटे चढवून आत शिरले. बॅगा आणि जळके कोट बाजूला ओढेपर्यंत तिथे दार आहे हेच त्यांना दिसलं नाही. सरोजिनीबाई दाराशी जमिनीलगत आडव्या होत्या. घोंगडीवर बाटलीतलं पाणी ओतून ती त्यांनी तोंडाशी धरली होती. तंबूत दोनदा शिकलेलं सगळं त्यांनी नीट केलं होतं. त्यांच्या वाट्याचं काम त्यांनी चुकवलं नाही.

इस्पितळात नेल्यावर डॉक्टरांनी त्या गेल्याचं सांगितलं.

चौकशीसाठी दुसऱ्या दिवशी मोरी-सान स्वतः आले. वसाहतीच्या सभागृहात खुर्च्या मांडल्या होत्या. विद्यावहिनी डबा घेऊन आल्या होत्या, दुःखात असलेल्या घराला चूल पेटवू द्यायची नाही म्हणून. प्रसन्नने ज्योत्स्नाला बाजूला घेतलं. त्याचे डोळे सुजले होते.

"हे बघ, आई आजारी होती, आत झोपली होती, एवढंच सांग. त्यांना आपल्यातलं कळणार आहे का? उगाच बँकेत, मंडळात... गेलेली परत येणार आहे का?"

"अगदी बरोबर," वहिनी हळूच म्हणाल्या. "आपली अब्रू आपल्या हातात."

मोरी-साननी विचारलं, "आजींची खोली ती मोठी, तातामीची ना? मग त्या सामानाच्या खोलीत कशा?"

प्रसन्न ज्योत्स्नाकडे बघत होता. नऊ वर्षं जपानी बोलणाऱ्या ज्योत्स्नाला हे एक वाक्य जुळवायला फार वेळ लागला.

"त्यांचे पती वारले आहेत. नवरा जिवंत असलेल्या बायकांचा समारंभ होता. त्यांनी समोर यायचं नसतं."

"म्हणजे त्यांना संसर्गाचा काही आजार होता?"

"नाही."

"त्यांनाच तसं हवं होतं?"

"नाही. त्यांना बाहेर बसायचं होतं. त्यांनी मला विचारलंसुद्धा होतं."

"मग दार कोणी लावलं?"

"मी." प्रसन्नने तिचा दंड धरला. तिने तो सोडवून घेतला. "दार मी लावलं. त्या तेलाजवळून हलायला तयार नव्हत्या, हातातला झारा घेऊन मीच त्यांना आत पाठवलं. गजरावर टोपी मी घातली. आणि आत कुणी नाही हे पण मीच सांगितलं. हे सगळं लिहा."

मोरी-साननी सगळं लिहून घेतलं. त्यांना पटांगणातली ती म्हातारी आठवत असावी, हसत पुन्हा रांगेत उभी राहणारी. मग त्यांनी विचारलं ते रागाने नव्हे, त्यांच्या कामाचा भाग म्हणूनच.

"या वसाहतीत तुमच्याकडची पुष्कळ कुटुंबं आहेत. आणखी कुठल्या घरात अशी माणसं आहेत का, समारंभ असला की आत ठेवलेली? आम्हाला ठाऊक असायला हवं. पुढच्या वेळी आम्ही विचारू तेव्हा कोणी सांगणार नाही."

प्रसन्न खाली बघू लागला. विद्यावहिनींना जपानी येत नव्हतं, त्या डब्याचं झाकण उघडत म्हणाल्या, "काय म्हणतायत गं? झालं का त्यांचं? दोन घास खाऊन घे."

ज्योत्स्नाने डब्याला हात लावला नाही. ती उठून वहिनींच्या समोर जाऊन उभी राहिली, आणि मोरी-सानना दिसेल अशी, नवऱ्याच्या साहेबांच्या बायकोशी आयुष्यात पहिल्यांदा नजर वर करून बोलली.

"ते विचारतायत वहिनी, तुमच्या आई आत्ता कुठल्या खोलीत आहेत?"