उज्ज्वलाच्या हातांचा सत्कार

उज्ज्वला तांदळेच्या व्हिडिओवर पहिली प्रतिक्रिया उमटली आणि तिच्या उजव्या हातात नारळ आला. सोललेला, शेंडी ठेवलेला. दुसरी उमटली तेव्हा डावा हात भरला.

व्हिडिओ बावीस सेकंदांचा. उज्ज्वलाला जन्मापासून ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते. ती सांगत होती : माझी रेवा, सात वर्षांची, सकाळी बार्शीच्या बाजारात हात सुटला. कुणाला दिसली का?

मैत्रिणींना पाठवताना घाईत तो शेजारच्या दिगंबररावांनाही गेला. त्यांना हातांची भाषा येत नव्हती. त्यांनी कौतुकानं तो जगापुढे ठेवला आणि वर लिहिलं, ‘आमच्या वहिनींचं मूक नृत्य.’

मराठीत सलाम आले. तमिळमध्ये ती देवी झाली, अरबीत तिच्या सबुरीसाठी दुआ मागितली गेली, पोर्तुगीजमध्ये लोक रडले. कोरियातून कुणी विचारलं, संगीत कुणाचं? तिला मूकबधिर म्हणावं, कर्णबधिर की दिव्यांग, यावर चारशे जण भांडले. त्यांचेही नारळ आले. रेवाबद्दल कुठल्याच भाषेत कुणी विचारलं नाही.

नारळ खाली ठेवता येत नव्हते. ती वाकली की ते हातांसोबत खाली जात आणि हातांसोबत वर येत.

“वहिनी, फेमस झालात की!” दिगंबररावांचे ओठ म्हणाले.

तिनं नारळ त्यांच्यापुढे केले. ते दोन पावलं मागे सरले. “छे छे! सत्काराचा नारळ कुणी परत घेतं होय?”

मैत्रिणींनी कळवल्यावरून हवालदार आला. “तक्रार द्यायचीय ना ताई? मग लिहून द्या.”

तिनं हात दाखवले. मग घशातून ओरडली. दारात जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. हवालदारानं तिला शाल पांघरली आणि शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. नारळ आता कोपरांपर्यंत चढले होते. खोलीच्या भिंती नारळांमागे गेल्या, दार निम्मं उरलं.

तेवढ्यात तिच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. दिगंबररावांनी फोन तिच्या डोळ्यांसमोर धरला. पडद्यावर रेवा होती, कुठल्यातरी अनोळखी एसटी स्टँडवर; तिकडचा फोन कुणा बाईच्या हातात होता. तिचे हात भराभर हलत होते.

“अरे वा, लेकही नाचते!” दिगंबरराव म्हणाले.

‘आई, या काकू म्हणतात, ही गाडी घरी जाते. चढू?’

गाडी सुरू झाली होती. एक पाय पायरीवर ठेवून रेवा आईच्या हातांकडे बघत थांबली.