सगळ्या आयांचं घर

“आणि हे ते निळ्या दाराचं घर,” असं म्हणून ताई खालीच थांबली; नेहमीसारखी पायरीवर चढली नाही. गल्ली बघायला आलेल्या मंडळींत आज सगळ्यात मागे तिची म्हातारी आई होती.

इतकी वर्षं ताई इथे गाईडचं काम करत होती, पण आई कधी फेरीला आली नव्हती. “राहिलेय मी तिथं, मला काय दाखवतेस?” म्हणायची. आज सकाळी मात्र आपणहून चपला घालून तयार.

ताईने सांगायला सुरुवात केली. एके काळी घरदार, नोकऱ्या सोडून आलेली तरुण मंडळी या गल्लीत राहायची. केस वाढवायची, भिंती रंगवायची, रात्र रात्र गायची. या घरात तर मुलंही सगळ्यांची. प्रत्येक बाईला प्रत्येक मूल ‘आई’ म्हणे. माझं-तुझं नको, म्हणून आपल्या मुलाला शाळेतून आपण आणायचं नाही, दुसरीने आणायचं, असा नियमच होता.

“मग सावळागोंधळच असेल,” मंडळींतले एक टोपीवाले गृहस्थ म्हणाले.

इथे ताई एक किस्सा सांगे. एकदा शाळा सुटली आणि एक मुलगी फाटकाशी उभीच राहिली. घरी प्रत्येक आईला वाटलं, दुसरीने आणली असेल. शेवटी अंधार पडल्यावर शाळेच्या शिपाईमामांनी तिला पोचवलं. लोक पोट धरून हसत. ती मुलगी म्हणजे आपणच, हे ताई सांगत नसे.

आज तिने किस्सा गिळला. “चला, पुढे रंगाचं दुकान आहे.”

“थांब गं,” मागून आई म्हणाली. “शाळेचं राहिलं. तुझ्या फेरीला आलेली शेजारीण तो किस्सा हसत हसत सांगत होती मला.”

ताईचा चेहरा उतरला. “ते उगाच आपलं हसण्यावारी, आई.”

मंडळी दोघींकडे बघू लागली. आई जवळ आली आणि फक्त लेकीला ऐकू जाईल इतक्या हळू बोलली.

“दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटायच्या वेळी मी शाळेसमोरच्या सायकलच्या दुकानात उभी असायचे. दुकानदार म्हणायचा, ‘बाई, सायकल घ्यायचीय की नुसतीच घंटी वाजवायचीय?’ कोणीतरी तुझा हात धरला, की मग मी मागून निघायचे.”

“रोज?”

“शाळा असेल तेव्हा. सुट्टीत कशाला जाऊ?”

ताईला हसू आलं, पण लगेच तिने विचारलं, “मला हाक का नाही मारलीस कधी?”

“नियम होता ना. खुळ्यासारखे पाळायचो आम्ही.” आईने पदराने नाक पुसलं. “जा, पुढे हो. लोक खोळंबलेत. मी येते मागून.”

ताई पुढे झाली. चार पावलं गेली आणि परत फिरली. तिने आईचा हात आपल्या हातात घेतला.

“अगं, लोक थांबलेत,” आई म्हणाली.

“थांबू देत.”

दोघी हळूहळू चालू लागल्या. टोपीवाल्या गृहस्थांनी बाजूला होऊन त्यांना वाट करून दिली.