माझ्या हाताखालची

माझी बायको एका मोठ्या हॉटेलच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करायची. ताप अंगावर काढत राहिली आणि त्यातच गेली. तिचा राहिलेला पगार मागायला गेलो, तर लॉन्ड्रीचा मॅनेजर म्हणाला, "ती ठेकेदाराकडची. आम्ही तिला ओळखतही नाही." ठेकेदार म्हणाला, "मी नुसती माणसं पाठवतो. राबवून हॉटेलनं घेतलं, पगारही त्यांनीच द्यावा."

पगारावर मी पाणी सोडलं असतं. पण ते "ओळखत नाही" माझ्या घशाखाली उतरेना. ज्याची बोलणी ती रोज खाऊन यायची, त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं की ती त्याची कामगार होती. दुसरं काही मला सुचत नव्हतं.

कामगार कार्यालयात सुनावणी झाली. मॅनेजरशेजारी हॉटेलचा मालक बसला होता, पलीकडे ठेकेदार. सगळ्यांनी हात वर केले. अधिकारी मॅडमनी मला विचारलं, "काका, तिला काम कोण सांगायचं?"

मॅनेजरला बढाईची भारी खोड, हे बायकोकडून मी कितीदा ऐकलं होतं. मी म्हणालो, "तिला कोण सांगणार मॅडम? लॉन्ड्री तीच चालवायची. हे साहेब नुसते खुर्ची उबवतात, म्हणायची."

ठेकेदार फिसकन हसला. मालकाने वळून मॅनेजरकडे पाहिलं.

"ती चालवायची?" मॅनेजर उसळला. "साधी घडी घालायला मी शिकवलं तिला. मला विचारल्याशिवाय पाणी प्यायला जायची नाही. ताप आहे म्हणून रजा मागत होती, तीसुद्धा मी दिली नाही. माझ्या हाताखाली भलेभले..."

मालकाने त्याचा दंड दाबला, तेव्हा कुठे तो गप्प झाला. मॅडम लिहीत होत्या. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, पगार हॉटेलने द्यायचा.

रजेचं मला ठाऊक नव्हतं. ती म्हणायची, मीच मागितली नाही.

बाहेर मॅनेजरने मला गाठलं. "काका, मालक मला काढायला निघालाय. मी रागाच्या भरात काहीबाही बोललो, एवढं मॅडमना सांगा. तुमच्या पाया पडतो."

समोरच्या कँटीनमध्ये नेऊन त्याने मला चहा पाजला. मुलीची फी, आईचं दुखणं, घराचे हप्ते, सगळं मी ऐकून घेतलं. मधे मधे मानही हलवली, म्हणजे त्याला आशा वाटावी. चहा सावकाश संपवला आणि मग नाही म्हणालो.

त्याला रडू फुटलं. मी लगेच उठलो नाही. बघत बसलो.